जर्मनची तपेली

सोलापूरकडच्या आमच्या दुधनी गावात जर्मनी हा देश नव्हता, धातू होता. ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द मी शाळेत शिकलो. तोवर घरातलं प्रत्येक हलकं, करडं, पोचे पडलेलं भांडं ‘जर्मनचं’ होतं. जर्मनची परात, जर्मनचा डबा, जर्मनचं भगुणं. तांबं देवाचं, पितळ लग्नातलं, कासं जावयाचं आणि जर्मन रोजचं. नाव पडलं ते बहुधा ‘जर्मन सिल्व्हर’वरून. त्या चांदीत चांदीचा कण नसतो. तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते कडबोळं. पुढे त्याहून स्वस्त ॲल्युमिनियम आलं आणि त्याच नावाच्या वळचणीला येऊन बसलं. आमच्या घरात कानडी, बाजारात मराठी, स्टेशनावर हिंदी. पण तिन्हीकडं भांडं जर्मनचंच.

अज्जीची एक तपेली होती. काठ थोडा मुडपलेला आणि बुडाला एक पोचा असा, की चुलीवर ठेवली की ती एका अंगाला कलायची. तिच्यात शिजवलेलं अंबील नेहमी एका बाजूला जास्त दिसायचं. आम्ही चार भावंडं त्या बाजूला ताटली धरायला भांडायचो. अज्जी काही बोलायची नाही. कौलाची एक खापरी तिनं चुलीपाशी जपून ठेवलेली असायची. ती कलत्या अंगाखाली सरकवायची, अंबील समपातळीत यायचं, मग पळी उचलायची.

आपला जन्म कुठल्या साली झाला ते तिला ठाऊक नव्हतं. “जर्मनच्या लढाईत मी परकर नेसत होते,” एवढाच तिचा जन्मदाखला. पहिलं महायुद्ध असं आमच्याकडं कुणी म्हणायचं नाही. जर्मनची लढाई. मला लहानपणी वाटायचं, ही भांड्यांची लढाई असणार. एका बाजूला परातींच्या ढाली, दुसऱ्या बाजूला झारे आणि उलथणी. पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं, की माझी समजूत अगदीच पोरकट नव्हती.

कारण त्या लढाईत जर्मनीची भांडी खरोखरच कामी आली. तोफगोळ्यांना तांबं-पितळ लागत होतं आणि बाहेरून येणारं बंद झालेलं. तेव्हा सरकारनं स्वयंपाकघरात हात घातला. आधी खुशीनं द्या, मग दिलंच पाहिजे. मुरांबे उकळायची तांब्याची घंगाळं गेली, दारांच्या पितळी मुठी गेल्या, शेवटी चर्चच्या घंटा उतरवल्या, ऑर्गनच्या कथलाच्या नळ्या काढून नेल्या. सोनं दिलं की बदल्यात लोखंडाचा दागिना मिळायचा, अंगावर मिरवायला. नाणीसुद्धा बदलली, एक फेनिगचं नाणं ॲल्युमिनियमचं निघू लागलं. म्हणजे जर्मनांचा पैसाही जर्मनचाच झाला. अज्जीच्या हातात तो पडता तर तिनं आधी तो दाताखाली धरून बघितला असता.

उतरंड अशी रिकामी झाली. राहिलेल्या भांड्यांत शिजवायचं काय, हा पुढचा प्रश्न.

मी तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. ‘जर्मनीतील १९१८ च्या क्रांतीची कारणे लिहा.’ गुण पाच. मुलं मुद्दे पाठ करून यायची: इंग्रजांची नाकेबंदी, महागाई, युद्धातला पराभव, रशियन क्रांतीचा प्रभाव, कैसरची एकतंत्री सत्ता. मुद्द्याला एक गुण. मीही तांबड्या शाईनं बरोबरच्या खुणा करत आलो. उत्तरात चूक काहीच नसायची. फक्त त्या पाच मुद्द्यांत कुणाला भूक लागलेली नसायची.

निवृत्तीनंतर हातात वेळ आला आणि मी ते पाच मुद्दे पुन्हा चुलीवर ठेवले, असं म्हणा.

युद्धाआधी जर्मनीत धान्य, चरबी, गुरांची पेंड आणि शेताला लागणारं चिलीचं नायट्रेट बोटींनी यायचं. १९१४ मध्ये इंग्रज आरमारानं उत्तर समुद्राचं तोंड आवळलं. हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायची हाबर आणि बॉश यांची युक्ती जर्मनांच्या हाती होती. पण त्यातलं आधी दारूगोळ्याला, उरेल ते रानाला. गडी आघाडीवर गेला, घोडा तोफेला जुंपला, औत धरायला मागं बायका, म्हातारे आणि युद्धकैदी. कुणब्याला यातलं काही उलगडून सांगावं लागत नाही. दोन हंगाम खत चुकलं की रान कसं तोंड फिरवून बसतं, हे आमच्या शिवारात कुणालाही विचारा.

त्यातच विद्वानांना सल्ला द्यायची हुक्की आली. डुक्कर माणसाच्या वाट्याचे बटाटे खातं, सबब डुकरं कमी करा, असा हिशेब प्राध्यापकांनी मांडला आणि १९१५ च्या वसंतात लाखो डुकरं एका फटक्यात कापली गेली. चार दिवस मांस स्वस्त झालं. मग चरबी मिळेनाशी झाली, डुकरांबरोबर त्यांचं खतही गेलं आणि वाचलेले बटाटे काही बाजारात दिसले नाहीत. जर्मन लोकांनी त्या प्रकाराला ‘डुकरांचा खून’ असंच नाव दिलं. मी आडत दुकानातल्या मुनीमाचा मुलगा; कागदावर चोख बसणाऱ्या हिशेबाची मला लहानपणापासून थोडी धास्तीच आहे.

त्याच वर्षी पावाला रेशनकार्ड आलं. पावात बटाट्याचं पीठ मिसळलेलं. त्याला ‘क’ पाव म्हणायचे. ‘क’ युद्धाचा की बटाट्याचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं, कारण जर्मन भाषेत दोन्ही शब्द त्याच अक्षरानं सुरू होतात. १९१६ चा हंगाम थंड आणि पावसाळी गेला, बटाट्यावर रोग पडला, पीक निम्म्यावर आलं. आणि पुढचा हिवाळा सुरू झाला तेव्हा दुकानात उरला होता फक्त एक कंद. कोलरूबे. आपल्या नवलकोलाच्या भावकीतला, पण राकट, पिवळट, गुरांपुढं टाकायचा. त्याची भाकरी, त्याचं सूप, त्याचा मुरांबा, तोच वाळवून, भाजून, दळून त्याची कॉफी. सकाळी तो, रात्री तो. त्यात फेब्रुवारीत थंडी अशी पडली की कालवे गोठले आणि कोळशाच्या वाघिणी वाटेत अडकल्या. त्या हिवाळ्याला जर्मनीत आजही त्या कंदाच्याच नावानं ओळखतात.

पुस्तकात हे वाचत होतो आणि माझ्या नाकात मिलोचा वास आला.

ज्यांनी १९७२ पाहिलं त्यांना मिलो म्हणजे काय हे सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगूनही कळणार नाही. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिथं जनावरांना घालायची. आमचा हा मुलूख ज्वारीचा. शाळूची भाकरी कशी असते, पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली, तिचा पापुद्रा सोडवताना वाफ बोटांना चटका देते. कडक भाकरी करून ठेवली तर पंधरा दिवस टिकते, शेंगाच्या चटणीशी मोडून खावी. आणि त्या मुलखात रेशनच्या दुकानापुढं रांग लावून आम्ही तांबडा मिलो आणला. त्याची भाकरी थापताना भेगाळायची, तव्यावर काळपट व्हायची, घशाखाली उतरताना कुरकुर करायची. मी अकरा वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी मी ताटली सरकवली. अज्जीनं ती उचलली, खापरी नीट केली आणि म्हणाली, “खा. बरबड्यापेक्षा बरं हाय.” बरबडा म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. रानातल्या त्या गवताचं बी दुष्काळात दळून खातात, हे मला फार पुढं कळलं. आणि ती कुठल्या दुष्काळाबद्दल बोलत होती, ते त्याहून पुढं.

भूक मात्र रांगेत एकटी कधीच उभी राहत नाही. तिच्या शेजारी डोळे असतात.

बर्लिनच्या बायका पहाटे तीन-चारला रांगेत उभ्या राहायच्या. त्या रांगांना शहरानं नाव ठेवलं होतं ‘पोलोनेज’, म्हणजे जोडीजोडीनं ओळीत करायचा एक दरबारी नाच. असल्या थंडीत असली थट्टा सुचणारं शहर मला आवडतं. रांगेत बोलणं व्हायचं: कुणाचा नवरा गेला, कुणाला पत्र नाही, कुणाच्या मालकिणीकडं लोणी आहे, कुठल्या हॉटेलात पैसे टाकले की अजून भाजलेलं मांस मिळतं. साध्या वेशातले पोलीस ते ऐकून वर अहवाल पाठवत होते. बायकांच्या बोलण्याचं असं दप्तर ठेवायची पाळी बादशाही सरकारवर आली, यातच काय ते आलं. १९१५ च्या ऑक्टोबरात लोण्याच्या भावावरून त्यांनी दुकानांच्या काचा फोडल्या. ज्यांना राजकारणातलं काही कळत नाही, असं समजलं जायचं आणि ज्यांना मताचा अधिकारही नव्हता, त्यांनी.

आमच्याकडं १९७२-७३ मध्ये मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या बडवत. पुढं मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. रॉकेल, तेल, साखर, धान्य यांचे भाव विचारत. थाळीचा तो आवाज दुधनीत रेडिओवरही आला नसेल. वर्तमानपत्र आलं, त्यात फोटो होता. अज्जीला वाचता येत नव्हतं. फोटो बघून म्हणाली, “पितळेची थाळी हाय. जर्मनचीला एवढा आवाज न्हाई.”

आम्ही थाळी वाजवली नाही. आम्ही खडी फोडायला गेलो. त्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यांत आमच्या गल्लीतली निम्मी. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. कामावर सुकडी मिळायची. आणि रात्री गुलबर्ग्याकडून येणाऱ्या पॅसेंजरमधून बायका उतरायच्या, पोट पुढं आलेलं, चाल जड. राज्याच्या हद्दीवर धान्यबंदी होती; त्या पोटात ज्वारी असायची. स्टेशनावरचा शिपाई कधी बघायचा, कधी बघायचा नाही. जर्मनीतही शहरातली माणसं पिशव्या घेऊन आगगाडीनं खेड्यात जायची, शेतकऱ्याच्या दारात घड्याळ, चादर, पियानोचं स्टूल देऊन बटाटे आणायची. अशा फेरीला त्यांनी नाव दिलं होतं धान्य गालात साठवणाऱ्या एका उंदराचं, हॅमस्टरचं. परतीच्या स्टेशनावर पोलीस पिशव्या उघडायचे आणि बटाटे काढून घ्यायचे. शहरातली बाई मग रिकाम्या पिशवीनं घरी जायची आणि तिच्या मनात दोन माणसं बसायची: एक पिशवी काढून घेणारा, आणि दुसरा ज्याच्या घरी पिशवी न उघडता पोचते तो.

इथं माझ्या पाच मुद्द्यांना पाय फुटले. नाकेबंदीनं तपेली रिकामी केली, हे खरं. पण तपेली कललेली होती, म्हणून ती उलटली. पहिली दोन वर्षं जर्मन माणसानं उपास सोसला, कारण सगळ्यांचाच उपास आहे असं त्याला सांगितलेलं होतं आणि त्याला ते खरं वाटत होतं. उपवास सोसतो माणूस. एकादशी आपण हसत करतो. शेजारच्या वाड्यात ऐन एकादशीला परतायचा वास येऊ लागला, की मग पोटात जे तुटतं त्याला भूक म्हणत नाहीत.

१९१७ च्या उन्हाळ्यात आरमारातल्या खलाशांचंही तेच झालं. अजस्र युद्धनौका बंदरात नांगरून पडलेल्या. त्याच बोटीवर, त्याच पत्र्याच्या दोन बाजूंना, दोन स्वयंपाकघरं. एकीकडं अधिकाऱ्यांचं जेवण, वाइन. दुसरीकडं पाणचट सूप आणि वाळवलेली भाजी, जिला खलाशी ‘काटेरी तार’ म्हणायचे. त्यांनी भोजन समित्या मागितल्या, जेवणावर बहिष्कार टाकला, २ ऑगस्टला शेकडो जण बोट सोडून किनाऱ्यावर निघून गेले. शिक्षा झाली. माक्स राइखपीच आणि आल्बिन क्योबिस या दोघांना ५ सप्टेंबर १९१७ रोजी कोलोनजवळ गोळ्या घातल्या. एक बावीस वर्षांचा, एक चोवीस. आरोप बंडाचा होता. सुरुवात सुपाच्या वाडग्यावरून झाली होती.

पुढचं मुलांना पाठ असायचं, म्हणून मी भराभर सांगतो. १९१८ च्या जानेवारीत एकट्या बर्लिनमध्ये चार लाख कामगार संपावर. ऑक्टोबरअखेर लढाई हरल्यात जमा असताना आरमाराच्या वरिष्ठांनी शेवटच्या एका मानाच्या झुंजीचा बेत केला, आणि खलाशांनी इंजिनांखालचा विस्तव ओढून काढला. ३ नोव्हेंबरला कीलमध्ये पकडल्या गेलेल्या खलाशांच्या सुटकेसाठी मोर्चा निघाला, शांतता आणि भाकरी एवढंच मागत. गोळीबारात सात पडले. ७ तारखेला म्युनिकमधून बव्हेरियाचा राजा पळाला. ९ ला बर्लिन. चान्सेलर माक्स फॉन बाडेन त्या धामधुमीत फ्लूनं आजारी, औषध जास्त झाल्यानं मध्यंतरी दीड दिवस झोपूनच राहिलेला. साम्राज्य बुडताना राज्यकर्ता गाढ झोपलेला, हे एखाद्या बखरकारानं रचलं असतं तर आपण हसलो असतो.

आणि त्या ९ नोव्हेंबरला दुपारी सोशल डेमोक्रॅट पक्षाचा फिलिप शायडेमान संसदेच्या भोजनगृहात पाणचट सूप पीत बसला होता. लोक धावत आले, बाहेर गर्दी जमली आहे, काहीतरी बोला. तो चमचा ठेवून उठला, खिडकीपाशी गेला आणि प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. परत आला तेव्हा सूप निवलं असणार. शेकडो वर्षांची घराणी एका सुपाच्या दोन चमच्यांमध्ये संपली. मी वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. पाच गुणांच्या उत्तरात मात्र ते लिहायला जागा नव्हती.

आता आमची गोष्ट.

जर्मनच्या लढाईत आमचीही माणसं उपाशी मेली. तिकडच्या नकाशावर, दुसऱ्याच्या भांडणात. मेसोपोटेमियात कुत इथं १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत तुर्कांनी जी फौज कोंडली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. रसद संपली, घोडे कापले. आपल्यातल्या कित्येकांनी घोड्याचं मांस शिवायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली, ती बिनतारी संदेशानं आलीही. पण गावात परतल्यावर पंगतीला कोण बसवून घेणार, या धाकानं पोरं दिवसेंदिवस वाळत गेली. शत्रूच्या वेढ्यात बसून गावच्या पंगतीची काळजी करणारा तो शिपाई मला राइखपीचपेक्षाही जवळचा वाटतो. त्याला गोळी घालायची कुणाला गरज पडली नाही.

इकडं १९१८ चा पाऊस गेला. लढाईनं धान्य, कापड, मीठ, रॉकेल सगळंच महाग केलेलं. सोलापूरच्या विणकराला रंग मिळेना, कारण लुगड्याचे पक्के रंग जर्मनीहून यायचे आणि ते चार वर्षं बंद. आणि मुंबईच्या गोदीत जून महिन्यात उतरलेला ताप भादवा-अश्विनात आगगाडीनं आतल्या मुलखात आला. मुंबई-रायचूरची ही लोहमार्गाची वाट १८७१ मध्ये पुरी झाली तेव्हा दुधनीच्या भुसाराला बाजार मिळाला, असं म्हणतात. त्याच वाटेनं मानमोडी आली. लोकांनी तिला तेच नाव दिलं. मान मोडून टाकणारी. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, देशात कोटीच्या पुढं.

अज्जीची आई त्यात गेली. अज्जीनं ते मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजात होतो तेव्हा, ज्वारी निवडता निवडता. आई गेली, मग धाकटा भाऊ, मग शेजारच्या घरातली कर्ती माणसं. खांदा द्यायला चौघं जमेनात म्हणून बैलगाडीतून नेलं. घरात पेव होतं का, मी विचारलं. सोलापूरकडं जमिनीत पेवं करून ज्वारी साठवायची रीत. ती म्हणाली, “आमचं नव्हतं. गावात होती की.” मग खडा टाकला, एक, दोन. “झाकणावर माती चढली होती.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मी ताडून बघितलं. माझ्या पिढीला तो ऐकू यायला हवा होता, म्हणून मी कान लावून बसलो होतो; पण तिथं नुसतं एक सपाट, पाऊस न झालेलं रान होतं.

त्याच ऑक्टोबरात तोच ताप बर्लिनमध्येही होता. तशीच उपासानं झिजलेली शरीरं, कमी पडलेल्या शवपेट्या. तिथं महिनाभरात राजा गेला. इथं काय गेलं? बैलगाड्या गेल्या. मी याचं उत्तर बरीच वर्षं शोधतो आहे. जर्मन बाईला ठाऊक होतं की आपल्या तोंडचा घास कुणी आणि कुठल्या कागदानं काढून घेतला. तो माणूस तिच्याच भाषेत बोलत होता आणि त्याचा वाडा ट्रामनं जाण्याइतका जवळ होता. अज्जीच्या आईनं जाब कुणाला विचारायचा? पावसाला, देवीला, पेववाल्याला, संस्थानाला, की या युद्धासाठी हिंदुस्थानच्या नावानं दहा कोटी पौंडांची भेट लिहून देणाऱ्या दिल्लीला? तोफ कुठं आणि चूल कुठं. मधली दोरी इतकी लांब होती, की ओढणाऱ्याचा हात दिसत नव्हता.

सोलापुरात तो आधी दिसला. गिरणीच्या भोंग्याखाली एकत्र आलेल्या माणसांना मालकाचा नफा आणि आपली पगाराची पुडी एकाच फाटकातून बाहेर जाताना दिसते. १९२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथले सोळा हजार गिरणी कामगार तीन आठवडे संपावर होते. लढाईनं वाढवलेली महागाई आणि न वाढलेला पगार. दहा वर्षांनी, १९३० च्या मे महिन्यात, गांधींच्या अटकेनंतर गोळीबार झाला आणि शहरच हातातून सुटलं. तीन-चार दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. मग मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार फाशा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० मध्ये मानमोडी नव्हती. १९१८ इतकी उपासमारही नव्हती. भुकेच्या आकड्यावरून बंडाची तारीख काढू पाहणाऱ्यानं हे दोन सन शेजारी ठेवून बघावेत.

जर्मनीची भूक शस्त्रसंधीबरोबर थांबली, असं मुलांना वाटायचं. ११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या; नाकेबंदी पुढं आठ महिने, १९१९ च्या जुलैपर्यंत चालूच होती. मार्चअखेर थोडं अन्न येऊ लागलं, तोवर आणखी एक हिवाळा उलटला होता. नाकेबंदीनं मेलेल्यांचा सरकारी आकडा निघाला ७ लाख ६३ हजार. पुढच्या अभ्यासकांनी तो सव्वाचार लाखांपर्यंत खाली आणला. मी दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले आहेत. मधल्या सव्वातीन-साडेतीन लाखांचं काय करायचं, ते मला कळत नाही. उपासानं मेलेला माणूस असाच असतो. छातीच्या दुखण्यानं गेला म्हणावं तरी खरं, भुकेनं गेला म्हणावं तरी खरं. अज्जीच्या आईचंही तसंच.

केटे कोलविट्झ नावाच्या चित्रकर्तीचा अठरा वर्षांचा पोरगा १९१४ च्या ऑक्टोबरातच बेल्जियममध्ये पडला होता. पुढं, चलन कोसळल्यानंतरच्या हलाखीत, तिनं एक भित्तिपत्रक केलं: जर्मनीची मुलं उपाशी आहेत. काळ्या खडूच्या रेषा. मुलं वर बघताहेत आणि हातातले रिकामे वाडगे पुढं धरलेले. चित्रात वाढणारा हात नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गाणगापूर दिसलं. आमच्यापासून गाडीनं जवळच. तिथं भर दुपारी हजारो माणसं झोळी पसरून पाच घरं माधुकरी मागतात, मोटारीतून उतरलेला शेठही मागतो, कारण दत्त महाराज कुठल्या रूपात त्या रांगेत असतील सांगता येत नाही. अज्जी मला दर वर्षी एका अमावस्येला न्यायची, तीच तपेली घेऊन. तिथं वाडगा पुढं करताना मान खाली घालावी लागत नाही. कोलविट्झच्या मुलांच्या माना वर आहेत, पण ते वर बघणं वेगळं.

अज्जी १९८६ च्या वैशाखात गेली. तिची उतरंड उतरवताना वरून तिसऱ्या गाडग्यामागं तपेली सापडली. आत खापरी. खापरीखाली धडप्यात बांधलेली पुरचुंडी. आम्हाला वाटलं, पैसे असतील, किंवा आईची एखादी गरसोळी. बहिणीनं गाठ सोडली तर मूठभर तांबडे दाणे. मिलो. चौदा वर्षांचे, आणि एकालाही किडा लागलेला नव्हता.

कशाला ठेवले होते, कुणास ठाऊक. शेजारीण म्हणाली, टाकून द्या, मेलेल्याच्या मागचं. बहिणीनं ते अंगणात फेकले. कोंबड्या धावत आल्या, माना वाकड्या करून त्यांनी आधी एका डोळ्यानं बघितलं, मग टिपायला लागल्या.